ज्याच्यापायी नोकरी सोडली तो वाघ

दिवाळी अंकासाठी वाघाच्या गोष्टी लिहा, असं संपादकांनी सांगितलं आहे. माझी पंचाईत अशी, की मोहर्ली गेटवर सारी उमर गाइड म्हणून काढली तरी वाघाबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी थोडंच आहे. वाघ दिसतो तेव्हा तो रस्ता ओलांडत असतो, नाहीतर एखाद्या बुंध्यावर फवारा मारत असतो, नाहीतर उन्हाळ्याचा पाण्यात बसलेला असतो. पर्यटक श्वास रोखून पाहतात, बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर थाप मारतात आणि हॉटेलात जेवायला जातात. त्यात लिहिण्यासारखं काय आहे? खरी मजा वाघ न दिसलेल्या गाडीत असते. तिथे माणूस कळतो. म्हणून मी त्या गाड्यांबद्दल लिहितो, आणि मुख्य म्हणजे माझ्या घरच्याच एका गाडीबद्दल.

ज्यांनी ताडोबा पाहिलेलं नाही त्यांना थोडं धंद्याचं सांगायला हवं. जिप्सी म्हणजे वरून उघडी गाडी. पुढे ड्रायव्हर, त्याच्या बाजूला गाइड, मागे पर्यटक. कोणत्या गाडीत कोणता गाइड जाणार हे पाळीनं ठरतं, त्यामुळे चांगला गाइड निवडून घेतल्याचं समाधान कोणाला मिळत नाही. मोबाइल गेटवरच जमा होतात. आत गाडीतून उतरायचं नाही, खायचं नाही, ओरडायचं नाही, आणि ठरल्या वेळेला गेटबाहेर यायचं. वाघ कुठे आहे हे गाइडला माहीत नसतं. ही गोष्ट आम्ही कोणाला सांगत नाही. त्याला कळतात त्या फक्त खुणा. धुळीत पंजाचा ठसा दिसतो, सांबर ओरडतं, वानर ओरडतं. त्या ओरडण्याला आम्ही कॉल म्हणतो. कॉल आला की ठरवावं लागतं, पाणवठ्यावर बसून राहायचं की कॉलच्या दिशेनं निघायचं. त्यावरून गाइडांचे दोन पंथ पडले आहेत, बसणारे आणि फिरणारे.

मी बसणाऱ्यांतला. आम्ही ढिवर. माझा बाप तलावात जाळं लावून काठावर बिडी ओढत बसायचा, आणि मासा कुठे आहे असं कोणी विचारलं तर पाण्यात आहे म्हणून सांगायचा. माझंही शिक्षण तेवढंच.

आमचा एक कायदा मात्र कडक आहे. जंगलात दोन जिप्स्या समोरासमोर आल्या की थांबतात आणि काय दिसलं ते एकमेकांना सांगतात. तिथे न दिसलेला वाघ दिसला म्हणून सांगायचा नाही. एकदा खोटा वाघ सांगितला की त्या गाइडकडे हंगामभर कोणी मान वळवून पाहत नाही.

तर वाघ न दिसलेली गाडी. एका कुटुंबातल्या मुलीनं सकाळी हॉटेलात दुसऱ्यांदा पोहे घेतले होते. त्यामुळे गाडी गेटवर मागे राहिली, त्यामुळे पुढच्या गाडीला वाघीण दिसली आणि यांना तिची धूळसुद्धा मिळाली नाही, असा तिच्या बापाचा हिशेब होता. परतीच्या वाटेवर तो पोह्यांवरून मुलीच्या बारावीच्या मार्कांवर गेला आणि तिथून तिच्या आईच्या माहेरावर. गेट येईपर्यंत तिकडच्या कोणाचंच काही धड राहिलं नव्हतं.

दुसरी एक नवी जोडी होती. फाट्यावर नवरा म्हणाला डावीकडे, नवरी म्हणाली उजवीकडे. मी नवऱ्याचं ऐकलं, कारण बक्षीस बहुतेक त्याच्याच खिशातून निघतं. वाघ उजवीकडे निघाला. काही वर्षांनी तीच दोघं पोरगं घेऊन आली. मी त्यांना ओळखलं नव्हतं, बाईनं मला बरोबर ओळखलं. त्याच फाट्यावर गाडी थांबली तेव्हा नवऱ्यानं मुकाट्यानं उजवीकडे बोट केलं. त्या दिवशी वाघ डावीकडे होता.

अशा माणसांसाठी माझं औषध ठरलेलं असायचं. मी म्हणायचो, साहेब, आपण तिकडे गेलो असतो तर आपल्या गाडीच्या आवाजानं तो बाहेरच आला नसता. हे खरं की खोटं ते वाघालाच ठाऊक, पण माणूस निवळतो. मग मी त्याला नीलपंख दाखवायचो, मोर दाखवायचो, आणि अगदीच गरज पडली तर पंजाचा ठसा दाखवून आत्ताच गेला म्हणायचो. ठसा सकाळचा असला तरी आत्ताचाच वाटतो. हे औषध मी जन्मभर लोकांना वाटलं आणि माझ्या घरात मात्र ते कधी लागू पडलं नाही.

लग्नानंतर माझ्या सासऱ्यानं धडपड करून आम्हा दोन्ही जावयांना भद्रावतीच्या सरकारी कारखान्यात अर्ज करायला लावले होते. दोघांनाही बोलावणं आलं. माझे साडू दिवाकरभाऊ सांगितल्या दिवशी, सांगितल्या वेळेच्या आधी जाऊन हजर झाले. मी त्या वेळी नुकता गाइडगिरीला लागलो होतो. आदल्या दिवशी एक वाघीण आमच्या गाडीसमोर पिलांना घेऊन रस्त्यात लोळली. पिलं तिच्या अंगावर चढत होती आणि ती पंजानं त्यांना खाली पाडत होती. दुसऱ्या दिवशी मी भद्रावतीच्या बसमध्ये बसायचं सोडून गेटवर गेलो. बायकोला म्हटलं, मला त्या भिंतीच्या आत करमणार नाही. तिनं एवढंच विचारलं, की करमतं कोणाला.

त्यानंतर दिवाकरभाऊंना कॉलनीत क्वार्टर मिळालं. पुढे त्यांनी भद्रावतीत घर बांधलं आणि त्या घरात बाथरूम बांधलं. भिंतींना छतापर्यंत टाइल्स, कोपऱ्यात गिझर, आणि आरशावर स्वतःचा वेगळा दिवा. माझी बायको सुलोचना बहिणीकडे राहून आली की दोन दिवस काही बोलत नसे. तिसऱ्या दिवशी भात वाढता वाढता म्हणे, "वाघापाई नोकरी सोडली यायनं." ती हे मला म्हणत नसे, ताटाला म्हणत असे.

आणि खरं सांगायचं तर पस्तावा मलाही होत होता. उन्हाळ्यात नाही, उन्हाळ्यात मी राजा. पावसाळ्यात जंगल बंद होतं, गाइड घरी बसतो आणि दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भातशेतात, रोवण्याला जातो. कंबर वाकवून चिखलात उभं असताना दिवाकरभाऊ त्या वेळी कुठे असतील, हा विचार यायचाच. कोरड्या जागी असतील हे नक्की. माझं औषध मी स्वतःवरही करून पाहिलं. कारखान्यात गेलो असतो तर तिथे आजारी पडलो असतो, असं मनाला सांगितलं. मन काही पर्यटक नव्हतं, त्यानं ऐकलं नाही.

या उन्हाळ्यात माझा शेवटचा हंगाम होता. गाइड आणि ड्रायव्हरांच्या घरच्या बायकांना जंगलात एक फेरी मिळावी, असं आम्ही बरीच वर्षं साहेब लोकांकडे मागत होतो. यंदा ते मंजूर झालं. तुम्हाला नवल वाटेल, पण आमच्या बायका गेटपासून हाकेच्या अंतरावर राहतात आणि त्यांतल्या बहुतेकींनी जिप्सीत पाय ठेवलेला नसतो. मोह वेचायला, तेंदूची पानं तोडायला त्या जीव मुठीत धरून जंगलात जातात. गावात वाघ दिसला तर ती वाईट बातमी असते आणि गेटच्या आत दिसला तर चांगली. सुलोचनानं कधी कोणताच वाघ पाहिला नव्हता.

फेरीचं मी घरी सांगितलं तेव्हा ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "येतो मी. जेच्यापाई तुमी नोकरी सोडली, तो वाघ मले दाखवा. दिसला त या जल्मात नोकरीचं नाव काढणार नाई."

"अन् नाई दिसला त?"

"मंग मी आहो अन् तुमी आहा," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या लोकांना मी सांगत आलो, की वाघ दिसणं नशिबाचं काम आहे, त्याचं मनाला लावून घेऊ नका. आता माझ्या सगळ्या आयुष्याचा निकाल एका दुपारच्या फेरीवर येऊन ठेपला होता आणि माझं नशीब मला चांगलं माहीत होतं.

त्यात भर म्हणून दिवाकरभाऊ आले. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांनी नियमानं, वेळेवर, पैसे भरून त्याच दुपारची सफारी घेतली होती. ते आणि माझी मोठी मेव्हणी शांताबाई दुसऱ्या गाडीत, दुसऱ्या गाइडसोबत होते. दिवाकरभाऊंच्या डोक्यावर टोपी, गळ्यात नवी दुर्बीण आणि मांडीवर घडी घातलेला टॉवेल. आमच्या गाडीत सुलोचना, ड्रायव्हर बंडूची माय आणि आणखी तिघी. सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या नटल्या होत्या.

अशी गाडी मी कधी नेली नव्हती. पर्यटकाला चितळ दाखवलं तर तो निदान पाहतो तरी. बंडूची माय म्हणाली, "हे त आपल्या वावरात येते. याले पाह्याले गाडी कायले?" रानडुकराबद्दल तिचं मत लिहिण्यासारखं नाही, तिचे हरभरे त्यानं दोनदा खाल्ले होते. एका वळणावर मी दुर्मीळ घुबड दाखवलं तर बाकीच्या जणी त्याच झाडाखालच्या मोहाकडे पाहून हळहळत होत्या, की एवढी फुलं वाया गेली असतील.

तलावावर आलो. दिवाकरभाऊंची गाडी आधीच सावली धरून उभी होती. आम्हीही थांबलो. ऊन मी म्हणत होतं, पाण्यावर पान हलत नव्हतं आणि पलीकडच्या बांबूत वाघ असावा असं मला आतून वाटत होतं. आम्ही बसलो. बराच वेळ बसलो. बायकांना गप्प बसायची सवय नव्हती, तरी त्याही बसल्या. मग सुलोचना पुढे वाकून माझ्या कानाशी म्हणाली, "रोज असेच बसता काय तुमी?"

मी हो म्हटलं.

"मंग कारखान्यात का वेगळं होतं? तिथीबी बसाचंच होतं. पगार त भेटला असता."

हे मला फार लागलं. नेमकं त्याच वेळी दूर टेकडीकडून सांबराचा कॉल आला. एकच आला. एका कॉलवर गाडी हलवायची नसते, हे मी नव्या गाइडांना शिकवत असे. बंडू म्हणाला, "मारोतीभाऊ, एकच आहे. बसू." मी म्हटलं, "काढ गाडी." दिवाकरभाऊंच्या गाडीजवळून जाताना शांताबाईंनी हातानंच विचारलं, कुठे. मी टेकडीकडे बोट केलं. त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि दिवाकरभाऊंनी तळहात खाली दाबून त्यांना बसा म्हणून खूण केली.

टेकडीवर एक सांबर उभं होतं. ते आमच्याकडे पाहत होतं आणि आम्ही त्याच्याकडे. वाघाचा मागमूस नव्हता. एवढा मोठा गळा काढून हे कोणाला बोलावत होतं, असं बंडूच्या मायनं विचारलं. परत फिरलो तर समोरून एक तिसरीच जिप्सी आली. तिच्या ड्रायव्हरनं आम्ही विचारायच्या आधीच हात गळ्याशी नेला. तलावात, गळ्याएवढ्या पाण्यात, मोठा नर. आम्ही उठून गेल्यावर जरा वेळानं बांबूतून निघाला होता आणि आताच गेला होता.

बंडूनं गाडी अशी पळवली की बायकांनी एकमेकींचे पदर धरले. तलावावर कोणी नव्हतं. पाणी गढूळ होतं आणि काठाच्या दगडावर ओले पंजे वाळत होते. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "आत्ताच गेला."

"हे तुमी सगळ्याइले म्हणता न?" सुलोचनानं विचारलं.

मी हो म्हटलं. बंडूनं गाडी गेटकडे वळवली. आजवर मी जो पस्तावा मागच्या सीटवर पाहत आलो, तो त्या दिवशी पुढच्या सीटवर माझ्याशेजारी येऊन बसला. जन्मभर बसणारा मी, ज्या एका दिवशी बसायला हवं होतं त्या दिवशी उठलो. आणि दिवाकरभाऊ बसून राहिले. त्यांना नोकरी मिळाली, पेन्शन मिळाली, बाथरूम मिळालं, आणि आता माझा वाघही मिळाला.

गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर शांताबाई आमची वाटच पाहत होत्या. त्यांना बसवत नव्हतं. वाघ कसा आला, पाण्याला पाठ करून कसा उलटा उलटा आत शिरला, गळ्यापर्यंत बुडाल्यावर त्यानं डोळे कसे मिटले, सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. दिवाकरभाऊ बाजूला उभे राहून दुर्बीण पुसत होते. शेवटी शांताबाईंनी बहिणीच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "तुमाले दिसला असता त किती मजा आली असती व. तुमी उगीच उठले."

त्या वाईट मनानं म्हणाल्या नाहीत, हे मी आजही सांगतो. सुलोचनानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आमाले दोन दिसले," ती म्हणाली.

बंडूला ठसका लागला. शांताबाईंच्या गाडीचा गाइड माझ्याकडे पाहायला लागला, आणि मी टपरीच्या छपराकडे. आता बाकीच्या जणी काय बोलतात यावर सगळं होतं. मग बंडूची माय पदरानं तोंड पुसत म्हणाली, "अन् पिल्लूबी होतं."

"टेकडीवर," तिसरी म्हणाली. "अगदी गाडीपाशी."

शांताबाईंचा चेहरा उतरला. त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी म्हटलं होतं, चला मारोतीभाऊच्या मांगं. तुमी म्हटलं बसू. जल्मभर तुमचं हेच. बसू, बसू." त्यांनी एवढ्यावर सोडलं नाही. पुढे नागपूरला बदली घेतली नाही ते निघालं, कोपऱ्यावरचा प्लॉट सोडला ते निघालं. ती सारी धुलाई मी शेकडो गाड्यांत ऐकलेली होती, फक्त माझ्या साडूच्या वाट्याला येताना पहिल्यांदा पाहिली.

थोड्या वेळानं दिवाकरभाऊंनी मला मोटरसायकलपाशी गाठलं. "मारोतीभाऊ, खरंच दोन होते काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

न दिसलेला वाघ सांगायचा नाही, हा आमचा कायदा. मी म्हटलं, "बायका खोटं कायले बोलतीन?"

ते मान हलवत राहिले. "जल्मभर एकाच शेडमंधी बसलो भाऊ," ते म्हणाले. "आजबी बसलोच." मला त्यांची फार दया आली. माझं औषध तोंडावर आलं होतं, की तुम्ही उठला असता तर तुम्हाला तोही दिसला नसता. ते त्या दिवशी शंभर टक्के खरं होतं आणि तेच मला सांगता येत नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी जेवून जा म्हटलं. शांताबाईंनी नको म्हटलं.

घरी जाताना सुलोचना मागे बसली होती. गाव येईपर्यंत मी वाट पाहिली, मग विचारलं, "दोन काऊन सांगतले?"

"एक सांगतला असता त बरोबरी झाली असती," ती म्हणाली. "तिच्यापाशी बाथरूम आहे. मले बरोबरी नोको होती."

मी गाडी थांबवली. तिला म्हटलं, तुला मी वाघ दाखवू शकलो नाही, मला फार वाईट वाटतं. ती उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली, "आता मले नोकरीचं बोलता येत नाई. चार माणसांत सांगून बसली, वाघ पाह्यला म्हणून. ठरलं होतं तसं ठरलं." आणि उरलेली वाट ती पायीच चालत गेली.

तिनं शब्द पाळला. जंगल बंद झालं, रोवणे लागले, माझी गाइडगिरी कायमची संपली. स्वयंपाकघरातलं छप्पर गळायला लागलं, ती धारेखाली पातेलं सरकवून मुकाट्यानं भात वाढायची. शांताबाईंचा फोन येतो तेव्हा मागून दिवाकरभाऊंना लागणारे बोल मलाही ऐकू येतात. बहीण दर वेळी पिलू केवढं होतं म्हणून विचारते आणि ते थोडं थोडं मोठं होत चाललं आहे.

एवढ्या वर्षांच्या बोलण्याची सवय झालेली, ते थांबल्यावर मला घर अनोळखी वाटायला लागलं. ती मनातून काय म्हणत असेल, हे तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा जड जात होतं. एका संध्याकाळी पाऊस धो धो पडत होता आणि ती भाजीसाठी बांबूचे वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, चिरत बसली होती. मला राहवलं नाही. मीच म्हटलं, "कारखान्यात गेलो असतो त आज हे छप्पर गळलं नसतं. चुकलंच माहं."

तिनं विळीवरचा हात थांबवला नाही. वरही पाहिलं नाही.

"अन् मंग मले वाघ कोणं दाखवला असता?" ती म्हणाली.